दावणीच्या मापाचा गठ्ठा

लातूर-नांदेड पट्ट्यात दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची काढणी उरकत आलेली असते. हार्वेस्टर रानातून बाहेर पडतो आणि मागे काडाचा पट्टा नि टरफलांचा सडा उरतो. दाणा आडतीला जातो, त्याच्या भावाची चर्चा चावडीपासून विधानसभेपर्यंत होते. काडाचा विषय निघतो तो रब्बीची पेरणी अडली म्हणून. आठ-दहा दिवसांत हरभरा पेरायचा असतो, जमिनीतली ओल उडायच्या आत रान मोकळे हवे असते. अशा घाईत काडेपेटी हेच सगळ्यात स्वस्त अवजार वाटते. मग त्याच गावात एप्रिल-मे उजाडला की कडब्यासाठी तीन तालुके पालथे घालावे लागतात, आणि मिळेल त्या भावाने शेकडा उचलावा लागतो.

या दोन टोकांच्या मधे आता एक यंत्र येऊन उभे राहिले आहे: ट्रॅक्टरमागे चालणारा बेलर. रानातले काड उचलायचे, दाबायचे, सुतळीने किंवा जाळीने बांधायचे आणि गठ्ठा मागे टाकायचा, एवढेच त्याचे काम. कृषी प्रदर्शनात तो सुरेख दिसतो. पण कोणता बेलर घ्यायचा आणि गठ्ठा केवढा बांधायचा, या प्रश्नाचे उत्तर प्रदर्शनात मिळत नाही. ते गोठ्यात मिळते. दावणीला किती जनावरे आहेत, पहाटे वैरण टाकणारे कोण आहे आणि पावसाळ्यात कोरडी जागा किती आहे, एवढे कळले की यंत्राची निवड निम्मी झालीच म्हणून समजा.

शेकड्याचा हिशेब

मराठवाड्याला वैरण बांधून ठेवण्याची कला कुणी बाहेरून शिकवावी लागलेली नाही. ज्वारीची कणसे खुडली की ताटे आळ्याने आवळून पेंढी व्हायची, पाच पेंढ्यांचा पाचुंदा, आणि व्यवहार शेकड्याने. गंजी रचणारा गडी वेगळा असायचा. बुडखे बाहेर, शेंडे आत, वर उतरता शाकार, म्हणजे मृगाचा पाऊस अंगावरून निथळून जावा. पेंढी एका हाताने उचलता येई, एका बैलापुढे किती टाकायच्या हे पोरांनाही ठाऊक असे. माप माणसाच्या कवेचे होते आणि बैलाच्या पोटाचे होते.

याच वैरणीवर या भागाने दोन नामांकित गोवंश घडवले. देवणी हे नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावावरून आले; वान्नेरा, बालंक्या आणि शेवरा हे तिचे तीन रंगप्रकार जाणकार लांबूनच ओळखतात. लाल कंधारी नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की हाळी-हंडरगुळीचा बाजार, या जनावरांची पारख तिथे आजही होते. अशा जनावराच्या अंगावरचे तेज ज्वारीच्या कडब्याचे आहे, हे गावात कुणालाही विचारा.

गेल्या तीसेक वर्षांत खरिपाची ज्वारी मागे हटली आणि सोयाबीनने रान व्यापले. त्याला कारणेही रास्त होती. ऐन काढणीत पाऊस लागला की हायब्रीड ज्वारी काळी पडे, भाव मिळत नसे, आणि सोयाबीनचा पैसा दिवाळीला हातात येई. शेतकऱ्याने चुकीचे काही केले नाही. पण ज्वारी गेली तेव्हा तिच्याबरोबर कडबाही गेला, आणि त्या वैरणीची जागा कुणी भरून काढली नाही. रब्बीची मालदांडी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ जिथे अजून पेरली जाते, तिथे कडब्याची गंजी दिसते. बाकी ठिकाणी सोयाबीनचे काड हीच हाताशी असलेली वैरण आहे, आणि तिला पेंढीचे माप नाही.

काड आणि गुळी

यंत्राचा विचार करण्याआधी एक फरक नीट समजून घ्यायला हवा. मळणी यंत्रातून निघते ती गुळी. काड्यांचा चुरा, शेंगांची टरफले, थोडी धूळ. ती बारीक असते, म्हणून रानात चालणाऱ्या बेलरच्या पिकअपचे दाते तिला उचलू शकत नाहीत. उचललीच तरी सुतळीच्या आत ती धरून राहत नाही. गुळीसाठी पोती, ताडपत्री, किंवा एका जागी उभे राहणारे दाबयंत्र हेच मार्ग. बेलरला लागते ते हार्वेस्टरच्या मागे पडलेले लांब काड.

तेही सरळ मिळत नाही. बऱ्याच हार्वेस्टरना मागे काड बारीक करून उधळणारा भाग जोडलेला असतो. तो चालू असेल तर काड रानभर पसरते आणि बेलरवाल्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून गठ्ठे बांधायचे असतील तर ते हार्वेस्टर रानात शिरायच्या आधी ठरायला हवे. चालकाला सांगून तो भाग बंद ठेवायचा आणि काड एका पट्ट्यात पडू द्यायचे. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर असेल तर पट्टा वरंब्याच्या माथ्यावर पडेल असे चालवायचे. सरीत पडलेले काड उचलताना पिकअप माती खरवडतो. बालाघाटच्या हलक्या, दगडगोट्यांच्या रानात दाते थोडे उंच ठेवावे लागतात. थोडे काड मागे राहिले तरी चालेल, मातीने भरलेला गठ्ठा जनावर खात नाही.

दाणा वाळला म्हणजे काड वाळले असेही नसते. शेंग खुळखुळत असताना खोड आत हिरवे असू शकते. काढणीनंतर एक-दोन उन्हे खाऊ द्यावीत, आणि सकाळचे दहिवर उडाल्यावरच, दहा-अकराच्या पुढे, बेलर घालावा. पारख सोपी आहे. मूठभर काड पिळावे. कडाकडा मोडले तर बांधावे, वाकून राहिले तर थांबावे. ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या आसपास उतरलेला हवा. त्याहून ओले काड दाबून बांधले तर गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो. रचलेल्या थप्पीत उष्णता कोंडून आपोआप आग लागल्याची उदाहरणे जगभर आहेत. गठ्ठा जितका मोठा आणि घट्ट, तितका हा धोका अधिक, कारण आतली वाफ बाहेर पडायला वाट नसते.

तीन मापे

आपल्याकडे विचारात घेण्याजोगी मापे तीन.

पहिला, छोटा गोल गठ्ठा. व्यास साधारण ६० सेंटीमीटर, लांबी मीटरभर किंवा थोडी कमी, सोयाबीनच्या काडाचे वजन २५ किलोंच्या आसपास. यंत्र हलके, ३५ अश्वशक्तीच्या पुढचा ट्रॅक्टर पुरतो, लहान वावरात आणि बांधाच्या कोपऱ्यात वळते, किंमत साडेतीन-चार लाखांच्या घरात. उणे बाजू अशी की प्रत्येक गठ्ठा बांधताना ट्रॅक्टर थांबवावा लागतो. शिवाय गोल वस्तू रचताना मधे पोकळी राहते. एकावर एक सरळ रचले तर सुमारे २१ टक्के जागा नुसत्या हवेची. उतारावर गठ्ठा घरंगळतो तो वेगळाच.

दुसरा, छोटा चौकोनी गठ्ठा. तोंड ३६ बाय ४६ सेंटीमीटरचे, लांबी हवी तेवढी ठेवता येते. ९० सेंटीमीटर ठेवली तर सोयाबीनच्या काडाचे वजन १५ ते १८ किलो भरते. यंत्र न थांबता चालते. आतला दट्ट्या काड ठासत राहतो, ठरलेली लांबी भरली की सुया दोन सुतळ्या वर आणतात आणि चोचीसारखे फिरणारे लोखंडी आकडे क्षणात दोन्ही सुतळ्यांना गाठी मारतात. सगळ्या यंत्रात नाजूक भाग हाच. सोयाबीनची धूळ त्यात साचली की गाठ सुटते आणि मागे मोकळे काड पडत राहते. दर तासा-दोन तासांनी तो भाग फुंकून, पुसून घेणारा चालक हवा. ट्रॅक्टर ४५-५० अश्वशक्तीच्या पुढचा लागतो आणि यंत्राची किंमत दहा लाखांच्या वर जाते.

तिसरा, मोठा गठ्ठा, गोल किंवा चौकोनी, अडीचशे-तीनशे किलोंपासून पुढे. युरोप-अमेरिकेच्या पशुपालनात तो सर्रास दिसतो, कारण तिथे उचलायला लोडर आणि वाटायला यंत्र असते.

आता हे माप दावणीला लावून पाहू. बैलजोडी आणि एक गाय असे घर धरा. मध्यम जनावराला दिवसाला साधारण सहा किलो सुकी वैरण लागते. तिघांना अठरा किलो. म्हणजे छोटा चौकोनी गठ्ठा हा अशा घराचा बरोबर एका दिवसाचा शिधा आहे. सकाळी सुतळी कापली, संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपला, उघडे काही उरले नाही. तीनशे किलोंचा गठ्ठा याच घरात उघडला तर तो सतरा दिवस उघडा राहील. उन्हाळ्यात ठीक, पण श्रावणात तेवढ्या दिवसांत तो सादळून कुबट वास मारू लागेल.

आणि तो हलवायचा कुणी? आपल्याकडे शेणकूर आणि वैरणपाणी बहुतेक घरी बाईच्या वाट्याला येते. पहाटे अंधारात थप्पीवरून गठ्ठा खाली घेणारी तीच असते. पंधरा-सोळा किलो तिला पेलते. पंचवीस किलोंचा गोल गठ्ठा उचलण्यापेक्षा लोळवत न्यावा लागतो. त्यापुढचे वजन म्हणजे कंबरेचे दुखणे. बेलर विकत घेण्याची चर्चा पुरुष करतात, पण गठ्ठ्याची लांबी ठरवताना तिला विचारले पाहिजे. चौकोनी बेलरवर ती लांबी काही मिनिटांत बदलता येते.

वीस-तीस म्हशींचा गोठा किंवा गोशाळा असेल तर गणित बदलते. तिथे दिवसाला दीडशे किलो लागतात, मोठा गठ्ठा दोन दिवसांत संपतो, आणि उचलायला ट्रॅक्टरचा लोडर असेल तर तो परवडतो. मोठे माप वाईट नाही. ते मोठ्या दावणीचे माप आहे.

जागेचे गणित

गठ्ठ्याचा खरा फायदा जागेत आणि वाहतुकीत दिसतो. मोकळे काड घनमीटरला साधारण ४० किलो बसते. छोट्या चौकोनी गठ्ठ्यात ते शंभराच्या पुढे जाते. दहा फुटी ट्रॉलीत सुमारे ११ घनमीटर माल भरला असे धरले तर मोकळे काड साडेचारशे किलोंच्या आत, छोटे गोल गठ्ठे आठशे किलोंच्या आसपास आणि चौकोनी गठ्ठे अकराशे किलोंच्या पुढे जातात. डिझेल तेवढेच, फेरी तेवढीच.

वरच्याच घराला दिवाळीपासून मृगापर्यंत आठ महिने वैरण पुरवायची तर सव्वाचार टनांच्या आसपास माल हवा. मोकळा ठेवला तर शंभरावर घनमीटर जागा, म्हणजे काडाची बणीम, अर्थात गंजी, रानातच, उघड्यावर. चौकोनी गठ्ठ्यांत तोच माल चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा जागेत बसतो. एवढी पत्र्याची शेड गोठ्याला लागून उभी करता येते. खाली विटा-फळ्या टाकून गठ्ठे जमिनीपासून उचलावेत, विटांच्या भिंतीसारखे सांधा मोडत रचावेत, आणि पहिले पंधरा दिवस लोखंडी सळई थप्पीत खुपसून हाताला चटका लागतो का ते पाहावे. लागला तर थप्पी मोडून हवा द्यावी. चूल, विजेची तार आणि थप्पी यांच्यात अंतर हवे. दरवर्षी बणमी पेटल्याच्या बातम्या वाचून आपण हळहळतो. आग न लागेल अशी जागा निवडणे त्याहून सोपे आहे.

सुतळीबद्दलही काळजी हवी. स्वस्त म्हणून प्लास्टिकची सुतळी वापरली जाते आणि कापलेला तुकडा गव्हाणीत राहतो. जनावराच्या पोटात गेलेले प्लास्टिक पचत नाही, बाहेरही पडत नाही. कोठीपोटात साचत राहते. चौकोनी गठ्ठ्याला सुतळ्या दोन. गठ्ठा उघडला की दोन्ही ओढून खुंटीला अडकवायच्या आणि मोजायच्या, ही सवय घरातल्या लहानथोरांना लागली पाहिजे. तागाची सुतळी मिळत असेल तर चार पैसे जास्त मोजावेत.

आणि गठ्ठा बांधला म्हणजे कडबा झाला, असे समजू नये. सोयाबीनची पाने काढणीआधीच गळतात. उरतात चिवट खोडे आणि टरफले. टरफले जनावर आवडीने खाते, खोडे बाजूला सारते. नुसत्या सोयाबीनच्या काडावर बैल जगेल, पण कामाला उभा राहणार नाही. निम्मा कडबा, निम्मे काड, जोडीला हिरवी वैरण आणि मूठभर पेंड, असा मेळ घालावा. काड सुधारायचे तर युरियाची प्रक्रिया करता येते: १०० किलो काडाला ४ किलो युरिया ४० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून प्लास्टिकखाली हवाबंद २१ दिवस ठेवायचा, आणि खायला घालण्याआधी पसरून वास उडू द्यायचा. प्रमाण हाताच्या अंदाजाने कधीच घेऊ नये आणि लहान वासरांना हे काड देऊ नये. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून ही पद्धत एकदा समोर करून घ्यावी.

घ्यावा की बोलवावा

एकट्या शेतकऱ्याने बेलर घ्यावा का? कागदावर मांडून पाहू. १२ लाखांचा चौकोनी बेलर आठ वर्षे चालेल असे धरले तर घसारा वर्षाला दीड लाख, व्याज साठ हजारांच्या घरात. डिझेल, सुतळी, चालक आणि दुरुस्ती वजा जाता गठ्ठ्यामागे १० रुपये उरले, तर नुसती बरोबरी साधायला वर्षाला २१ हजार गठ्ठे बांधावे लागतील. एकरी पाच क्विंटल काड हाती लागले तर तीस गठ्ठे. म्हणजे सातशे एकर. सोयाबीनचा हंगाम महिन्याभराचा आणि दिवसाला सात-आठ एकर होणार, तेव्हा या एका पिकावर सव्वादोनशे एकरांपुढे मजल जात नाही. उरलेले काम हरभऱ्यानंतर गव्हाच्या काडात, उसाच्या पाचटात किंवा भातपट्ट्यात शोधावे लागते. छोट्या गोल बेलरला हेच गणित साडेतीनशे एकरांवर सुटते.

म्हणून पाच-दहा एकरवाल्याने बेलर विकत घेऊ नये, बोलवावा. घ्यायचाच तर गटाने, शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा गावच्या अवजार बँकेने घ्यावा. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात महाडीबीटी पोर्टलवरून अर्ज करता येतो. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, ठरलेल्या मर्यादेत. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावांत अवजार बँकेचा रस्ताही आहे. पण अनुदान आहे म्हणून यंत्र घेणे आणि काम आहे म्हणून यंत्र घेणे, यांतला फरक शेडमध्ये गंजत पडलेली अवजारे गावोगाव सांगत आहेत.

भाडे ठरवताना दर गठ्ठ्याला असतो, त्यामुळे सैल आणि आखूड गठ्ठे बांधले की संख्या वाढते. पहिले दहा गठ्ठे काट्यावर घालावेत आणि वजन, लांबी बोलून घ्यावी. शेकड्याच्या व्यवहारात पेंढीचा आळा पाहून भाव ठरायचा. इथे काटा पाहून ठरावा. आणि बेलर अडकला तर ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात घातल्याशिवाय कुणीही आत हात घालू नये. ट्रॅक्टरकडून बेलरला शक्ती देणाऱ्या पीटीओच्या फिरत्या दांड्याने उपरणे किंवा पदर ओढला की सोडवायला वेळ मिळत नाही. मळणी यंत्रांनी या भागातले किती हात घेतले, हे आपण पाहिले आहे.

सुकाळातली वैरण

काडाला आता गोठ्याबाहेरचेही गिऱ्हाईक आहे. बॉयलरसाठी ब्रिकेट बनवणारे कारखाने सोयाबीनचे भुसकट घेतात. उसाचे पाचट, जे हेक्टरी आठ ते दहा टन निघते, तेही गठ्ठ्यांतून जळणाकडे जाऊ लागले आहे. पैसे मिळतात हे खरे. पण सेंद्रिय कर्बाने आधीच रोडावलेली आपली जमीन आहे. काड जनावराच्या पोटातून शेण होऊन परत रानात येते. बॉयलरमधून काही परत येत नाही. पाचट तर शक्यतो सरीतच कुजावे. काड विकायचेच असेल तर आधी स्वतःच्या दावणीचा हिशेब भागवून, मग गावातल्या दावणीला विचारून, आणि उरले तर बाहेर.

टंचाईचे वर्ष इथे लांब नसते. ऑगस्ट २०१५ मध्ये लातूर, बीड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांसाठी चारा छावण्यांचा निर्णय घ्यावा लागला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती देशाने पाहिली; त्याच उन्हाळ्यात वैरणीअभावी विकली गेलेली जनावरे कुणी मोजली नाहीत. २०१९ च्या दुष्काळात राज्यातल्या छावण्यांसाठी मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपयांपर्यंत अनुदान वाढवावे लागले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर जाहीर झालेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत लातूर जिल्ह्यातला रेणापूर होता. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात पुराने जनावरे दगावली. पाऊस दगा देतो तेव्हा आणि कोसळतो तेव्हाही, उघड्यावरची बणीम वाचत नाही.

छावणीत एका जनावरावर दिवसाला १०० रुपये खर्च करायची तयारी असलेल्या शासनाने सुकाळात त्यातला छोटा वाटा गावच्या वैरण-शेडवर का खर्च करू नये? ग्रामपंचायतीची उंचावरची जागा, पत्र्याचे छत, वजनकाटा, आणि ज्याने जितके गठ्ठे ठेवले त्याची वहीत नोंद. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. गटाच्या सभेत यंदाच्या खरिपात हार्वेस्टर ठरवतानाच बेलर ठरावा, गठ्ठ्याचे वजन ठरावे, शेडची जागा ठरावी. दुष्काळाची तयारी मार्चमध्ये तहसीलदाराच्या दारात निवेदन घेऊन सुरू करण्यात अर्थ नाही. ती ऑक्टोबरात, हार्वेस्टर रानात शिरण्याआधी, चालकाला चार शब्द सांगून सुरू करावी लागते.